पैठणची एक दिवसाची सहल : एका कथनप्रकाराची समीक्षा

विद्यापीठाच्या मराठी विभागाच्या पत्रिकेत एका सहलीची समीक्षा यावी, याचे आमच्या काही वाचकांस आश्चर्य वाटेल. ग्रंथाची समीक्षा होते, नाट्यप्रयोगाची होते, क्वचित कीर्तनाचीही होते. परंतु सकाळी निघून दिवेलागणीस परतणाऱ्या, भोजनासह ठरीव शुल्क आकारणाऱ्या आणि वाटेत वाटाड्याच्या तोंडून माहिती ऐकविणाऱ्या सहलीत समीक्षकाने पाहावे असे काय आहे, असा प्रश्न सहजच उपस्थित होईल. त्यास आमचे उत्तर असे की, अशी सहल ही एक रचना असते. काय दाखवावयाचे आणि काय वगळावयाचे याची तीत निवड असते. आधी काय व मागाहून काय याचा क्रम असतो. निवेदक असतो, श्रोते असतात, आणि श्रोत्यांच्या मनावर दिवसाअखेर एक विशिष्ट ठसा उमटावा असा हेतूही असतो. एवढी सामग्री जेथे एकत्र आली आहे तेथे साहित्याच्या अभ्यासकास परके वाटण्याचे कारण नाही. शिवाय निसर्ग, वारसा व हस्तकला या तिहींची एका दिवसात गाठ घालून देणाऱ्या सहली आता इतक्या रूढ झाल्या आहेत, की सामान्य सुशिक्षित मनुष्यास एखाद्या गावाचा इतिहास कळतो तो बहुधा त्यांच्याच द्वारे. ग्रंथ त्याच्या हाती पुढे कधी पडला तर पडला.

गेल्या माघ महिन्यात प्रस्तुत लेखकाने विभागातील काही विद्यार्थ्यांसमवेत पैठणची अशी एक सहल केली. योजकांचे वा वाटाड्याचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. कारण ज्या गुणदोषांची चर्चा करावयाची आहे ते एका व्यक्तीचे नसून त्या कथनप्रकाराचे आहेत. वाटाड्या तरुण होता, त्याचा आवाज खणखणीत होता, आणि शहरी श्रोत्यांसमोर आपली मराठवाडी बोली झाकण्याचा त्याने मुळीच प्रयत्न केला नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. दिवसाचा क्रम असा होता : छत्रपती संभाजीनगरहून पहाटे प्रयाण व सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास, नाथसागराच्या काठी पक्षिदर्शन, धरणाचे दुरून अवलोकन, मग सातवाहनकालीन वस्तूंचे संग्रहालय, गावातील एकनाथांचा वाडा, नागघाट आणि नदीकाठचे समाधिमंदिर, भोजन, दुपारी पैठणीचे विणकाम, आणि त्याला लागूनच असलेले विक्रीचे दालन. सकाळ निसर्गाला, पूर्वाह्ण वारशाला, अपराह्ण कलेला अशी ही वाटणी आहे. कागदावर ती निर्दोष दिसते.

परंतु तीन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्याने त्यांची एक गोष्ट होत नाही. त्या तिहींना बांधणारे सूत्र निवेदकास कोठून तरी आणावे लागते. आमच्या वाटाड्याने ते प्राचीनतेतून आणले. 'दोन हजार वर्षे' हे शब्द त्याच्या निवेदनात दिवसभर ध्रुपदासारखे येत होते. नगर दोन हजार वर्षांचे, नदीवरील पक्ष्यांचे येणे दोन हजार वर्षांचे, आणि पैठणीही दोन हजार वर्षांची. विद्यार्थ्यांपैकी एकाने वहीत या शब्दांची आवर्तने मोजली. ती किती झाली हे सांगून त्या सद्गृहस्थास लाजविण्याची आमची इच्छा नाही.

यांपैकी पहिले विधान खरे आहे, किंबहुना ते थोडे संकोचूनच केलेले आहे. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. टॉलेमीच्या भूगोलात 'बैठन' हे सिरो पोलेमायोसचे, म्हणजे पुळुमावीचे, राजनगर म्हणून येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणचा व तगराचा, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचा, दख्खनमधील दोन प्रमुख बाजारपेठा म्हणून उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. (जाता जाता नमूद करावेसे वाटते की, 'पेरिप्लस' हा स्वतः एका वाटाड्याचाच ग्रंथ आहे, पण त्याचा कर्ता कोणत्या बंदरात काय मिळते एवढे सांगून थांबतो, आणि म्हणूनच तो आज उपयोगी पडतो.) आमच्या वाटाड्याने या ग्रंथाचे नाव घेतले, ही कौतुकाची बाब. त्यापुढे त्याने असे सांगितले की, रोमच्या राण्या ज्या वस्त्रांवर भाळल्या ती पैठणचीच पैठणी होय, आणि 'पेरिप्लस' हा त्यास पुरावा आहे.

हा पुरावा नेमका उलटा आहे. पैठणहून भडोचला मोठ्या प्रमाणात जातात म्हणून त्या नाविकाने जे सांगितले आहे ते अकीकाच्या जातीचे मौल्यवान खडे. साधे कापड व मलमल यांचा उल्लेख आहे तो तगराच्या नावावर. एका वाक्याच्या अंतराने आलेल्या दोन गावांचा माल अदलाबदल झाला, आणि त्या अदलाबदलीवर एका वस्त्राची वंशावळ उभी राहिली. आज आपण जीस पैठणी म्हणतो, म्हणजे रेशमी पोत, जरीचे काठ आणि विणकरीतच गुंफलेल्या नक्षीचा पदर असलेले वस्त्र, तिचा भक्कम कागदोपत्री मागोवा लागतो तो फार अलीकडे. माधवराव पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या असावली नक्षीच्या दुपट्ट्यांची मागणी आहे. तेथे रंग व नक्षी यांचा तपशील इतका नेमका आहे, की मागणारा हे वस्त्र चांगले ओळखत होता याविषयी शंका राहत नाही. त्यापूर्वी पैठणला विणकाम नव्हते असे आमचे म्हणणे नाही. नदीकाठच्या समृद्ध नगरात ते असणारच. परंतु विणकाम असणे आणि पैठणी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्यांतील अंतर गाळून टाकल्याने त्या वस्त्राचा सन्मान वाढतो असेही आम्हांस वाटत नाही. पेशवाईतील गिऱ्हाईक, निजामी राजवटीतील आश्रय, येवल्याकडे सरकलेला व्यवसायाचा मोठा भाग, मधली पडझड आणि शासकीय केंद्रांतून झालेले पुनरुज्जीवन हा खरा इतिहास दोन हजार वर्षांच्या दंतकथेपेक्षा पुष्कळ अधिक रोचक आहे. तो ऐकताना निदान माणसे दिसतात.

संग्रहालयातील वेळ आम्ही फार थोडा घालविला. मातीच्या मूर्ती, मणी, नाणी यांच्या कपाटांसमोरून मंडळी पुढे सरकली. पैठणच्याच बाळासाहेब पाटील यांनी गोळा केलेल्या वस्तूंमधून हा संग्रह उभा राहिला, म्हणजे एका गावाने आपला इतिहास स्वतःच्या अंगणातून वेचला, ही गोष्ट सांगण्यासारखी होती. तिला दोन वाक्ये मिळाली. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे झालेल्या उत्खननाचा सविस्तर वृत्तांत २०२० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून, सातवाहनांनंतरच्या काळातील विटांच्या देवळांचे अवशेष हा त्यातील एक महत्त्वाचा भाग आहे. सातवाहन आणि एकनाथ यांच्या दरम्यान पैठणला काही घडलेच नाही अशी जी समजूत सहलीच्या निवेदनातून होते, तिला छेद देणारा हा भाग आहे. त्याचा उल्लेख झाला नाही. असो.

आता निसर्गाकडे वळू. खरे पाहता दिवसाचा आरंभ तेथूनच झाला होता, आणि सौंदर्यदृष्ट्या तोच भाग सर्वांत सरस ठरला. धुके विरळ होत असताना उथळ पाण्यात उभी असलेली रोहितांची रांग, दूर चिखलाच्या जिभेवर जोडीने बसलेले चक्रवाक, करकोच्यांचा वरून जाणारा थवा, आणि काठाशी लांब तांबड्या पायांचे शेकाटे, हे दृश्य पाहून विद्यार्थी गप्प झाले. वाटाड्याही काही काळ गप्प राहिला. हा त्याच्या निवेदनातील सर्वोत्तम क्षण होता असे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. कोणत्या जागी बोलू नये हे कळणे हा निवेदकाचा मोठाच गुण आहे.

परंतु बोलू लागल्यावर त्याने या जलाशयाचे वर्णन 'अनादि निसर्ग' असे केले. नाथसागर अनादि नाही. लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण आणि त्याचे सत्तावीस दरवाजे जेथून दिसत होते, तेथेच उभे राहून हे वर्णन चालले होते. जायकवाडी हे नावसुद्धा मोठे बोलके आहे. मूळ योजनेतील धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते; पुढे जागा बदलून ती नदीच्या वरच्या अंगास पैठणला आली, नाव मात्र मागच्या गावाचेच राहिले. जलाशयाला मागाहून एकनाथांचे नाव मिळाले. पक्षी अभयारण्याची घोषणा १९८६ ची. म्हणजे ज्या वयाच्या माणसाने नाथसागराआधीची गोदावरी पाहिली आहे असा मनुष्य आजही पैठणच्या बाजारात भेटू शकतो.

आम्हांस तो भेटलाही. काठावरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, विद्यार्थी पक्ष्यांची नावे लिहून घेत आहेत असे पाहून, पाण्याकडे हात करून सांगितले की, जेथे ते तांबडे पक्षी उभे आहेत त्याच्या पलीकडे त्यांच्या वडिलांची विहीर आहे. 'होती' असे ते म्हणाले नाहीत. 'आहे' असे म्हणाले. एखाद्या वर्षी पाणी फार ओसरले तर तिचा कठडा दिसतो म्हणे. सहलीच्या निवेदनात ही विहीर नाही. पाण्याखाली गेलेली गावे नाहीत, उठून गेलेली माणसे नाहीत. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेणारा शेतकरी आणि त्याच उथळ कडेला अन्न शोधणारा पक्षी यांचा एकमेकांशी संबंध काय, हाही प्रश्न तीत नाही. वास्तविक या कडेमुळेच येथे इतके पक्षी उतरतात. खोल पाण्यात रोहिताला काय काम? निसर्ग म्हणून जे दाखविले गेले ते माणसाच्या कामाचे फळ होते, आणि ते फळ काहींना फार महाग पडले होते. या दोन्ही गोष्टी सांगितल्याने पक्ष्यांचे सौंदर्य कमी झाले असते असे मानण्यास आधार नाही.

येथे आणखी एक संधी हुकली. दोन हजार वर्षांचेच सूत्र हवे होते, तर ते या नदीकाठी खरोखर उपलब्ध होते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदावरीचे तीर पुनःपुन्हा येते. तिचा पूर, तिच्या काठची झाडी, शेते राखणाऱ्या स्त्रिया, संकेतस्थळे, ओलांडताना भय वाटावे असे पात्र. महाराष्ट्री प्राकृतातील तो संग्रह म्हणजे या परिसराच्या निसर्गाचे आपल्या हाती असलेले फार जुने शब्दरूप आहे. वाटाड्याने हालाचे नाव घेतले, पण संग्रहालयात, राजांच्या यादीत. पाण्याच्या काठी ते नाव आले असते तर श्रोत्यांस कळले असते की, जी नदी त्या गाथांत वाहते ती धरणाच्या खालच्या अंगास आज बहुतेक वर्ष वाळूत हरवलेली असते, आणि नाथषष्ठीच्या यात्रेकरूंना स्नान घडावे म्हणून तिच्यात धरणातून पाणी सोडावे लागते. वारसा व निसर्ग यांना वेगळे दालन दिले की असे होते. जे एकच आहे त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही निर्जीव दिसू लागतात.

एकनाथांच्या वाड्यात निवेदकाचा सूर बदलला. तेथे तो घरच्यासारखा बोलू लागला. श्रीखंड्याने कावडीने पाणी आणून भरलेला रांजण, तहानेल्या गाढवाला पाजलेले काशीचे गंगाजल, तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या जातीचे मूल नाथांनी कडेवर घेणे, या कथा त्याने फार सुंदर सांगितल्या. त्यांस आमचा आक्षेप नाही. आख्यायिका हा वारशाचाच भाग आहे, आणि आख्यायिका खोडून काढणे हे संशोधनाचे एकमेव काम आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. नाथषष्ठीच्या सुमारास तो रांजण आजही पाण्याने भरतात. जिच्याभोवती असा आचार चालत आला आहे ती कथा नुसती कथा उरत नाही. तिन्ही कथा पाण्याच्या व वाळूच्या आहेत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नदी ज्या गावाच्या अंगणात आहे त्या गावालाच अशा कथा सुचतात.

आक्षेप आहे तो दुसऱ्याच गोष्टीला. नाथांनी या गावी जे एक काम केले आणि ज्याची साक्ष हस्तलिखितांत आहे, ते वाड्यात कोणी उच्चारले नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या पाठाचे शोधन केले आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. मराठीतील पाठचिकित्सेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ पैठणहून करावा लागेल. ज्या पुरुषाने परक्या ओव्या काढून टाकण्यासाठी एवढे परिश्रम केले, त्याच्याच अंगणात निवेदकाने रोमच्या राण्यांची ओवी घालावी, यातील विसंगती विद्यार्थ्यांच्या लक्षात ताबडतोब आली. आमच्या सांगण्याची त्यांना गरज पडली नाही.

नागघाटावरही असेच झाले. रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा सांगितली गेली, दगडी रेड्यापाशी छायाचित्रे निघाली. परंतु ती भावंडे पैठणला कशासाठी आली होती? संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या चौघांना शुद्धिपत्र हवे होते आणि ते देण्याचा अधिकार पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे आहे असे मानले जात होते, असे परंपराच सांगते. चमत्कार घडला तो नकाराच्या उत्तरादाखल. नकार वगळला की चमत्कार हा नुसता खेळ उरतो. वाळवंटातील मुलाच्या कथेचेही तेच आहे. त्या मुलाला उचलून घेणे हे धाडस का ठरले, हे सांगितल्यावाचून नाथांची करुणा कळत नाही. धर्मनिर्णय देणारे गाव म्हणून पैठणची जी सत्ता होती, तिच्या छायेत या दोन्ही कथा उभ्या आहेत. पाहुण्यांना अवघड वाटेल असे काही बोलू नये, हा यजमानाचा संकेत आहे खरा. पण निवेदक हा केवळ यजमान नव्हे.

मग निवेदन कसे असावे? या बाबतीत मराठी भाषेला परक्या आदर्शाकडे पाहण्याची गरज नाही. आपल्याकडे स्थलनिर्देशाचा एक ग्रंथ चौदाव्या शतकापासून आहे. महानुभाव पंथातील मुनिव्यासांच्या नावावर असलेली 'स्थानपोथी' हा तो ग्रंथ. श्रीचक्रधर ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, हिंडले, ती ती ठिकाणे भाविकांना नमस्कारासाठी सापडावीत म्हणून तो रचला गेला. त्यात पैठणची स्थानेही आहेत. या ग्रंथाची रीत पाहण्यासारखी आहे. देऊळ सांगितले की त्याचे दार कोणत्या दिशेस आहे ते येते. पटिशाळा कोठे, जगती कोठे, कोणत्या खांबाशी आसन, कोठून कोणीकडे विहरण, हे क्रमाने येते. विशेषण जवळजवळ नाही. कोणत्याही स्थानाची प्राचीनता सांगून त्याचे महत्त्व वाढविण्याचा यत्न नाही. तेथे काय घडले एवढ्यानेच ते स्थान आहे. त्यामुळेच, पुढे पडून गेलेल्या कित्येक देवळांच्या रचनेची कल्पना अभ्यासकांना या पोथीवरून करता येते. भक्तीसाठी लिहिलेला ग्रंथ पुरातत्त्वाच्या उपयोगी पडला, तो त्याच्या नेमकेपणामुळे.

स्थानपोथी ज्या ग्रंथाचा आधार घेते त्या म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात आणखी एक गोष्ट आढळते, आणि आमच्या मते या संपूर्ण चर्चेत तीच सर्वांत मोलाची आहे. एखाद्या लीळेविषयी निरनिराळ्या शिष्यांची आठवण वेगवेगळी असली, तर ती दडपून न टाकता नोंदविलेली असते. अमुक असे म्हणतात, तमुकांच्या मते ते असे नव्हे. 'शोधु' या नावाखाली अशी टिपणे पोथ्यांतून येतात. ज्यांच्या दृष्टीने श्रीचक्रधर हे साक्षात परमेश्वर होते, त्या लोकांनी परमेश्वराच्या चरित्रातही मतभेदाला जागा ठेवली. आमच्या वाटाड्याने दिवसभरात एकदाही 'काही लोक असे मानतात' असे म्हटले नाही. राजधानीचा इतिहास, रेड्याचे वेदपठन, धरणाची पाणीसाठवण आणि साडीची किंमत ही सर्व त्याने एकाच ठाम सुरात सांगितली. श्रोत्याला त्यामुळे कोणती गोष्ट कोणत्या प्रकारे खरी आहे हे ओळखण्याचा मार्गच उरला नाही. आख्यायिका आख्यायिकेच्या सुरात, नोंद नोंदीच्या सुरात आणि अनुमान अनुमानाच्या सुरात सांगणे हे काही फार विद्वत्तेचे काम नव्हे. आपल्या गावोगावच्या जुन्या कथेकऱ्यांना ते उत्तम साधत असे.

राहता राहिली कला. विणकामाच्या जागी आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा मंडळी भोजनाने सुस्तावली होती आणि वाटाड्याला वेळेचे भान सुटू देणे परवडणारे नव्हते. प्रात्यक्षिकास दहा मिनिटे मिळाली, विक्रीदालनास त्याच्या चौपट. या दहा मिनिटांत सांगितले गेले ते खोटे नव्हते : पदराची नक्षी वरून भरलेली नसून विणतानाच रंगीत धागे एकमेकांत अडकवून ती सिद्ध होते; म्हणून अस्सल पदराची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते; एक साडी उतरावयास नक्षीनुसार महिना, कित्येक महिने वा वर्षही लागते. रेशीम बंगळूरकडचे आणि जर सुरतेची हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्यामुळे 'स्थानिक कला' या शब्दांतील स्थानिक काय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर मागावर बसलेल्या हातांकडे बोट दाखवून देता आले असते. पण मंडळी दालनाकडे निघाली होती.

ती विद्यार्थिनी मागेच राहिली आणि तिने मागावरच्या बाईंनाच विचारले, की मोर काढावयास किती दिवसांत शिकलात. बाईंनी हातातील कांडी न थांबविता उत्तर दिले : "मोर काढत नसतेत बाई, मोजतेत." ताण्याचे किती तार सोडून कोणत्या रंगाची कांडी कोठून कोठवर न्यावयाची याची मोजणी म्हणजेच तो मोर, चुकला तर एका तारेने चुकतो आणि बोटभर उसवावा लागतो. संपूर्ण दिवसात कलेविषयी जे काही बोलले गेले त्यात या वाक्याच्या तोलाचे दुसरे वाक्य नव्हते, आणि ते निवेदनात समाविष्ट नव्हते. विणकर स्त्री ही सहलीच्या रचनेत एक दृश्य म्हणून नेमलेली आहे, वक्ता म्हणून नव्हे. तिने हात हलवावेत आणि दुसऱ्याने बोलावे असा संकेत आहे. तिच्या कामाचा मोबदला कसा ठरतो, दिवसाला की साडीला, हे विचारण्याची सोय त्या दहा मिनिटांत नव्हती, आणि दालनात गेल्यावर किमतीची जी चर्चा होते ती वेगळ्याच प्रकारची असते.

दालनात वाटाड्याने तिन्ही सूत्रे एकत्र आणण्याचा अखेरचा प्रयत्न केला. पदरावरील पक्षी दाखवून तो म्हणाला, की सकाळी नाथसागरावर पाहिलेले पक्षीच विणकरांनी येथे उतरविले आहेत. कल्पना मनोहर आहे. पण पदरावर मोर असतो, मुनिया असते, पोपट असतो, हंस असतो. रोहित आणि शेकाट्या आमच्या तरी पाहण्यात आले नाहीत. जलाशय भरला तेव्हा बांगडी-मोर पदरावर केव्हाच येऊन बसलेला होता. हे पक्षी बागेतले, अंगणातले आणि काव्यातले आहेत, पाणथळीचे नव्हेत. निसर्ग आणि कला यांचा संबंध जोडण्याची ही घाई होण्याचे कारण असे, की जो खरा संबंध आहे तो सकाळपासून कोणी पाहिलाच नव्हता. गाव नदीवर वसले म्हणून पेठ झाली. पेठ होती म्हणून गिऱ्हाईक व कारागीर आले. अधिकार आला, अधिकाराबरोबर वाद आले आणि वादांतून संत व ग्रंथ आले. ही साखळी सांगावयास तासभर पुरे आहे, आणि ती सांगण्यास नागघाटाच्या पायऱ्यांहून चांगली जागा नाही.

या सर्व विवेचनावरून सहल वाईट होती असा ग्रह कोणी करून घेऊ नये. विद्यार्थी पुष्कळ काही शिकले, पक्षी त्यांच्या स्मरणात राहतील, आणि अशी सहल नसती तर त्यांतील निम्मे कधी पैठणला गेलेच नसते. परतीच्या वाटेवर वाटाड्या मागच्या बाकावर विद्यार्थ्यांजवळ येऊन बसला आणि त्याने त्यांच्या वह्या पाहावयास मागितल्या. 'पेरिप्लस'संबंधीचे टिपण त्याने दोनदा वाचले, तगर म्हणजे तेरच ना, असे विचारून खात्री करून घेतली, आणि आपल्या खिशातील वहीत ते उतरवून घेतले. येत्या रविवारी हे सांगणार का, असे एकाने त्यास विचारले. तो थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "सांगीन की सर. पण दोन हजारांचे अडीचशे केले, तर माणसं दुकानात किंमत ऐकून कुरकुरतेत. आणि आमचं जे काही आहे ते त्या दुकानावरच आहे."